माझं दुखणं खोक्यावर कुणी छापलं?

आज मंगळवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. नेकनूरच्या किराणा दुकानात मी पार्सल आणायला गेले. कुरियरवाला घरोघरी फिरत नाही, अख्ख्या गावाची पार्सलं तिथंच टाकून जातो.

दुकानदार अण्णांनी खोका उचलून मोठ्यानं वाचलं, "नसांच्या दुखण्यावर भांगेचं औषध! बाई, शिवरात्र तर लई लांब हाय की!"

सगळे हसले.

"अण्णा, एवढं वाचन शाळेत केलं असतं तर दहावी निघाली असती," मी म्हणाले.

पण माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या मुलीची आई तिथंच उभी होती. दुपारी तिचा फोन आला. "बाई, तिचे वडील नको म्हणतेत. उद्यापासून पोरगी येणार न्हाई."

अंगावर उठलेली नागीण बरी झाली, पण नसांमधली तिची आग मला झोपू देत नव्हती. ऑनलाइन दवाखान्याच्या डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवर तपासून हे औषध रीतसर लिहून दिलं आणि सगळं गुप्त राहील असंही सांगितलं. आज जाब विचारला तर दवाखान्यातली फोनवरची मुलगी म्हणते, "मॅडम, लेबल कॉम्प्युटर काढतो."

मग कॉम्प्युटरला अंगठे धरून उभा करू का?

औषधाची मला लाज नाही. पण कुणाला सांगायचं ते मी ठरवणार. तुमच्या खोक्यांवर काय छापून येतं, कधी पाहिलंत?

आणि दवाखान्याला सांगते: हे लेबल कुणी मंजूर केलं, आणि माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांना खुलासा कोण देणार, याचं सहीनिशी लेखी उत्तर शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं. फोन करू नका, मी उचलणार नाही.