पायरीवरचं पाणी

आज रॉटरडॅमच्या बंदराकडून वारा आला, गंधकाचा वास स्वयंपाकघरात शिरला आणि दहा वर्षांपूर्वीचा तो व्हिडिओ कॉल आठवला. माझा नवरा संदीप तेव्हा कामासाठी आखातातल्या, जहाजांत गंधक भरणाऱ्या एका बंदरावर होता. त्याच्यामागे खिडकीत पांढरंफटक ऊन होतं आणि त्या उन्हात केशरी डांगरी घातलेला एक कामगार आत बघत उभा होता.

“अरे, त्याला आत तरी बोलव!”

संदीपने वळून पाहिलं. “कुणीच नाहीये गं. भर दुपारी बाहेर कामाला बंदी असते इथे.”

मला तो दिसतच होता. माझ्या हट्टापायी संदीपने पायरीवर पाण्याचा ग्लास ठेवला.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, “ग्लास रिकामा होता. उन्हाने आटलं असेल.” मीही तेच मनाला पटवलं.

आज तो वास येताच संदीपने खिडकी लावून घेतली.

“तेव्हा बोललो नाही,” तो म्हणाला. “ग्लास धुऊन उपडा ठेवलेला होता.”