पाणी पिऊन उसनं नेणारे रोहेकर

हसकेल रोहेकर म्हणजे भारी तहानेला माणूस, असा साऱ्या जयलक्ष्मीपुरमचा समज होता. शिडी मागायला आला, आधी पाणी मागितलं. छत्री मागायला आला, आधी पाणी. साखरेचा आजार असेल बिचाऱ्याला, असं बायका म्हणायच्या. कसला आजार! खरं कारण एकट्या मिल्काबाईंना, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं, आणि शरमेनं त्या ते कुणाला सांगत नव्हत्या.

कोकणातनं म्हैसुरात आलेलं त्या भागातलं हे एकच बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, घर. रोहेकरची हयात एका विमा कंपनीत गेली. काम काय, तर लोकांची भरपाई नाकारायला कलम हुडकायचं. निवृत्तीनंतर ही विद्या त्यानं धर्मग्रंथावर चालवली. तिथं त्याला घबाड सापडलं. उसनी आणलेली वस्तू मोडली तर भरून द्यावी. पण नेतेवेळी तिचा मालक तुमच्याच कामात असेल, तर भरपाई नाही. पाणी देणं हेही कामच की! झालं. मालक तांब्या वाकवतोय तोवर हा पठ्ठ्या वस्तूला हात घाली. एका हातात फुलपात्र, दुसऱ्या हातात शिडी. शिडी परत जायची ती दोन पायऱ्या गमावून.

मिल्काबाईंचे वडील अलिबागेकडे हझान होते, प्रार्थना सांगायचे. एकमेकांच्या कामाला धावून जाणाऱ्यांनी मोडतोडीपायी भांडू नये म्हणून ही सूट आहे, असं ते शिकवत. जावयानं त्या कलमाचं काय केलं ते बघायला ते उरले नाहीत, ते बरंच झालं.

शेवटी पाळी आली वरच्या मजल्यावरच्या वेदवतीची. नवरा नंजनगूडच्या कारखान्यात, हिचं घरी शिवणकाम. मिल्काबाईंना पोटभर मराठी बोलायला तेवढंच एक घर. रोहेकरला पडदे स्वतः शिवायची हुक्की आली. तो वर गेला, पाणी प्यायला, मशीन उचललं आणि जिन्यात पाडलं. चाक दुभंगलं. दसरा तोंडावर, ब्लाउजांचा ढीग पडलेला.

"तू पाणी देत होतीस ना, तेव्हाच मी उचललं," त्यानं समजावलं. "म्हणजे माझ्याकडे काही लागत नाही."

वेदवतीला त्यातलं अक्षरही कळलं नाही. "परवागिल्ला मामा, राहू दे," म्हणून तिनं दार लोटलं. त्यानंतर ती खाली आलीच नाही. मिल्काबाई घावने घेऊन वर गेल्या, तर डबा घेण्यापुरतं दार उघडलं आणि मिटलं. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

शनिवारचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, सरला. रविवारी सकाळी रोहेकर आपलं सोनेरी घड्याळ पुसत बसला होता. कंपनीनं निरोपाला दिलेलं. आल्यागेल्याला दाखवून त्यानं उबग आणला होता.

"अहो, जरा पाणी देता?"

घड्याळ टेबलावर ठेवून त्यानं तांब्या उचलला. पाणी पडत असतानाच मिल्काबाईंनी एका हातानं फुलपात्र धरलं आणि दुसऱ्यानं घड्याळ घेतलं. "हे उसनं नेते हं. देवराज मोहल्ल्यातल्या बाजारात जाऊन येते."

"ने की," तो म्हणाला. मग तांब्या हातात तसाच राहिला आणि पाणी फुलपात्रावरून वाहू लागलं.

संध्याकाळी त्या परतल्या. मागोमाग मशीनवाला नवं चाक घेऊन थेट वर गेला.

"घड्याळ?"

"हरवलं," मिल्काबाई चपला काढत म्हणाल्या. "कलम तुम्हालाच पाठ आहे."

रोहेकर ग्रंथ काढून बसला. पानं उलटून उलटून दमला. वर मशीन सुरू झालं, आणि थोड्या वेळानं जिन्यातून हाक आली, "मामी, माप द्यायला या!" मिल्काबाई गेल्या. रोहेकरच्या घशाला आज खरीच कोरड पडली होती. पण पाणी मागायचं कुणाकडे?