इंगवले सरांचे दोन शब्द

इंगवले सर गेल्याचं मला ग्रुपवर कळलं. मी तेव्हा नववीचे पेपर तपासत बसले होते. कसबा बावड्याच्या आमच्या शाळेतली जुनी मुलं धडाधड हात जोडत होती. 'असे गुरू होणे नाही,' असंही कुणीतरी लिहिलं. मी फोन पालथा ठेवला आणि उरलेले पेपर संपवले. महिना झाला त्याला. रडू अजून आलेलं नाही...

सर इंग्रजी मात्र सुरेख शिकवायचे, हे कबूल करायला हवं. नववीत ऑक्सिमोरॉन शिकवला तो तास मला अक्षर न् अक्षर आठवतो. "एकमेकांचं तोंड न बघणारे दोन शब्द शेजारी बसवायचे. ते भांडतात आणि भांडणातून तिसराच अर्थ निघतो," असं म्हणून त्यांनी फळ्यावर 'ओपन सीक्रेट' लिहिलं. उघडं गुपित. मग 'बिटर-स्वीट'. आणखी एक उदाहरण हवं म्हणून त्यांनी वर्गावर नजर फिरवली, ती माझ्यावर थांबली. लहानपणी उकळतं पाणी सांडून माझा डावा गाल भाजलेला आहे. "जयश्री, ऊठ गं." मी उठले. "प्रिटी अग्ली. सुंदर कुरूप. कळलं का सगळ्यांना?" सगळ्यांना कळलं. दहावी संपेपर्यंत मला दुसरं नाव नव्हतं.

कॉलेजात एकदा शब्दकोश चाळताना दिसलं, की विशेषणाआधी आलेल्या 'प्रिटी'चा अर्थ सुंदर नव्हे, बऱ्यापैकी. म्हणजे त्या दोन शब्दांत भांडण नव्हतंच. मी बऱ्यापैकी कुरूप होते, एवढंच. त्यानंतर इंग्रजी मी हट्टानं शिकले. आता उचगावला तेच शिकवते.

दिवाळीच्या सुट्टीत कळलं, सरांना अर्धांगवायू झालाय. भेटायला गेले. खरं सांगायचं तर चूक दाखवायला गेले. कॉटशेजारी उभी राहून म्हणाले, "सर, प्रिटी अग्ली हे उदाहरण चुकलं होतं तुमचं." त्यांनी माझ्या गालाकडे पाहिलं. वाकड्या झालेल्या तोंडातून एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "मला... तवाच म्हाईत हुतं." आणि हसले. हसताना हनुवटीवरून लाळ ओघळली. पुसायला हात उचलेना. रुमाल माझ्या हातात होता. मी तो पर्समध्ये ठेवला आणि निघाले.

परवा काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, भेटून आले. कॉट अजून तिथंच आहे. तिच्या कडेला टेकून काकू म्हणाल्या, "लई कडक हुते, पण..." आणि थांबल्या. पुढचं काही त्यांना सापडेना. मीही मदत केली नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्यांची सहा वर्षांची नात ओरडली, "ए शानी येडी, चहा उतू चाललाय की!"

शहाणी वेडी. मी चमकून पाहिलं.

"मलाच म्हणती ती," काकू गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाल्या. "ह्येंनी ठेवलेलं नाव हाय. लगीन झाल्यापास्नं."

आणि लगबगीनं आत गेल्या.