रंग न सांगितलेली माणसं

चिंचवडला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. वडील पिंपरीच्या एका औषध कारखान्यात कारकून होते. तिथं आलेला एक अमेरिकन तज्ज्ञ मायदेशी परतताना बरीच पुस्तकं मागं टाकून गेला. त्यातली पाच-सहा वडिलांनी माझ्यासाठी घरी आणली. मी पुण्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकत होते, म्हणजे घरातली विद्वान मीच. थोरली बहीण सातवीनंतर चुलीपाशी बसली ती बसलीच. संध्याकाळी ताई भाकऱ्या थापायची आणि मी समोर बसून तिला कादंबरी मराठीत सांगायची.

ताई काळी होती. आई 'सावळी' म्हणायची, आणि त्या लाडीगोडीचा मला संताप यायचा.

एका कादंबरीत मोठा शेतमळा होता. मालक, त्याची मुलगी, पाद्री, डॉक्टर अशी पुष्कळ माणसं. मी सांगत गेले. मग स्वयंपाकघरात एक काळी बाई आली, तशी ताई थापता थापता थांबली.

"मालकाच्या मुलीचा रंग कसा होता गं?"

"लिहिलेला नाही."

"डॉक्टरचा?"

"तोही नाही."

"म्हणजे गोरे. सांगितला नाही म्हणजे गोरेच. आणि ह्या बाईचं नाव काय?"

मी पानं चाळली. नाव कुठंच नव्हतं. आमच्या प्राध्यापकांनी अमेरिकन कादंबरीतली स्वातंत्र्याची ओढ फळा भरभरून शिकवली होती. ती ओढ कुठल्या रंगाच्या माणसांची, हा प्रश्न त्यांना पडला नाही आणि मलाही पडला नव्हता. तो चुलीपुढं पडला.

त्याच हिवाळ्यात मामांनी निघोजे गावचं एक स्थळ आणलं. मुलगा कारखान्यात फिटर, घरची शेती, हुंड्याची अपेक्षा नाही. ताईचं वय वाढत चाललं होतं. हे हुकलं तर पुन्हा कुणी दारात येणार नाही, असं आई तिच्यादेखत म्हणायची. ताईला ते लग्न हवं होतं. तिनं तसं मला सांगितलं होतं, लाजतबिजत नाही, सरळ.

मामा आजवर सगळीकडे 'सावळी, पण नाकीडोळी नीटस' असं सांगायचे. या वेळी पहिले दोन शब्द त्यांनी गिळले.

पाहुणे आले. ताईनं पोहे आणून ठेवले. मुलाच्या आत्यानं वर पाहिलं आणि बशी बाजूला सारली.

"आवो, पोरगी काळी हाय, ह्ये कुनी सांगितलं न्हाई आमाला."

"मी गोरी कुठं म्हणालो?" मामा म्हणाले.

"काळी बी न्हाई म्हनलात. मंग आमी काय समजायचं?"

मुलगा ताईकडे बघत होता. त्याला बहुधा चाललं असतं. पण आत्या उठली, तसा तोही मुकाट्यानं उठला.

आई आत जाऊन रडू लागली. ताईनं बशा गोळा केल्या. "बाई खरं बोलली. मीही तेच समजले असते," ती म्हणाली. मग मामांकडे वळली. "मामा, इथून पुढं पहिलं वाक्य माझ्या रंगाचं. मग बाकीचं."

मामांनी तसं केलं. बाकीचं ऐकायला कुणी थांबलं नाही.

मी उजळ. माझ्या वेळी रंगाची गोष्टच निघाली नाही, आणि दुसऱ्याच स्थळी जमलं. त्या दिवशीचे पोहे ताईनं केले होते. ते सगळ्यांना आवडले.

पहिल्या दिवाळीला माहेरी आले, तेव्हा ती तशीच चुलीपुढं बसली होती.

"त्या स्वयंपाकवाल्या बाईचं पुढं काय झालं गं? ते पुस्तक आपलं अर्धंच राहिलं."

मी ते वाचून संपवलं होतं. मालकाच्या मुलीचं लग्न होतं आणि त्यानंतर ती बाई पुस्तकात कुठंही दिसत नाही. मेली की निघून गेली, तेही नाही.

"तिनं शहरात खानावळ काढली," मी म्हणाले. "चांगली चालली."

"असं लिहिलंय?"

"हो."

ताईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"खोटं बोलतेस. तिचं पुढं काही होणार असतं, तर आधी तिला नाव दिलं असतं."