चाचांच्या तोंडातल्या टाचण्या

नव्वदच्या दशकात कुवेतला, मिरकाबमध्ये आमचे एक शिंपीचाचा होते. कायम तोंडात टाचण्या, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं 'हं' आणि 'हूं'मध्येच उरकायचं. मूळचे रायगडचे कोकणी मुसलमान, मराठी बोलणारे, म्हणून मी कपडे त्यांच्याकडेच शिवायला टाकायचो. एकदा पँटचं माप देताना, कंजुषीसाठी बाजारात ऐकलेला शब्द मी सहज फेकला, "चाचा, कापडात यहूदीपणा नको हां, सैल शिवा."

चाचांनी एकेक टाचणी काढून टेबलावर ठेवली.

"साहेब, आमच्या गावचे यहूदी म्हणजे शनवार तेली. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून ते नाव. ते सगळे इस्रायलला निघून गेले, अन् मागं कुणीतरी त्यांच्या कबरस्तानाच्या भिंतीवर घाण लिहिली. तेव्हा सरपंच कुणबी, मी उपसरपंच. दोघांनी आपल्या हातानं चुना मारला. पंचायतीत ठराव केला, दरवर्षी मारायचा. अजून मारतात."

मला मान वर करवेना. "चुकलो, चाचा," एवढंच म्हणालो.

आठवड्यानं पँट मिळाली, ती कमरेला चांगली चार बोटं सैल.

"आता कापडाची तक्रार नाही ना?" चाचांनी विचारलं, आणि हसू दिसू नये म्हणून घाईघाईनं टाचण्या तोंडात धरल्या.