वाळवलेली नाव

उदगीरच्या मोंढ्यात माणिकप्पाइतका कोरडा माणूस दुसरा नव्हता. स्वभावानं नव्हे, धंद्यानं. त्याची धान्याची आडत होती, आणि मालाला ओल लागली की व्यापारी बसलाच, हे बापानं त्याच्या डोक्यात लहानपणीच घातलेलं. ज्वारीचा दाणा तो दाताखाली धरायचा. कटकन फुटला तर पोतं आत, नाही तर परत उन्हात. पावसाळ्यात तर पाहुण्यालासुद्धा ओल्या पायांनी उंबरा ओलांडू द्यायचा नाही. माझं दुकान त्याला लागूनच, त्यामुळे ओल्या पायांपायी त्याची बोलणी मी पुष्कळ खाल्ली आहेत.

त्याला एकच मुलगी, उमा. पाळण्यातून उतरून नुकती चालायला लागली होती, तेवढ्यात तापात दोन्ही पाय लुळे पडले. माणिकप्पा तिला कडेवर घेऊन आडतीत आणायचा आणि गादीवर आपल्याशेजारी बसवायचा. ती तिथं बसून हमालांना नावं ठेवायची, गिऱ्हाइकांच्या नकला करायची. पोरगी भारी तिखट होती. बाकीची पोरं खेळायला गेली की मात्र तिचं तोंड बंद व्हायचं.

लातूर जिल्हा झाला तेव्हा मोंढ्यात पेढे वाटले. कुणाला कोर्ट जवळ आल्याचा आनंद, कुणाला कलेक्टर जवळ आल्याचा. माणिकप्पाला वाटलं, आता मोठा डॉक्टर जवळ आला. बायकोला, रत्नम्माला, घेऊन तो पोरीसह लातूरला गेला. तिथल्या एका डॉक्टरनं पाय वाकवून बघितले आणि खरं ते सांगून टाकलं, की हे पाय उभे राहायचे नाहीत. रत्नम्मा तिथंच रडायला लागली. उमा मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. त्यावर काश्मीरच्या तळ्यातली नाव होती.

परतीच्या एसटीत तिनं विचारलं, "अप्पा, नावेत बसायला पाय लागत न्हाईत ना?"

"न्हाई."

"मग मला बसवा की एकदा."

हे मला माणिकप्पानंच सांगितलं, आणि सांगताना लहान मुलासारखा रडला. उदगीरात नाव कुठली! इथं प्यायच्या पाण्याला टँकर, त्यात दुष्काळाचं वर्ष. पण त्यानं मनावर घेतलं. बिलोलीकडं माल पोचवायला गेला, तेव्हा मांजरेच्या काठी त्याला एक जुनी नाव सापडली. धुरपताबाई नावाच्या भोयाच्या विधवेची होती. नदी आटून डोह तेवढा उरलेला, आणि त्या डोहात ती नाव अर्धी बुडवून ठेवलेली. माणिकप्पाच्या जिवाचं पाणीपाणी झालं.

"अवो बाई, चांगलं लाकूड कुजवून राहिल्या की तुम्ही!"

"तिथंच असती ती," धुरपताबाई म्हणाली. "माझा मालक हुता तवापून."

ती याहून जास्त बोलली नाही. बोलण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नसणार. कोरड्यात ठेवलेली नाव तिनं जन्मात बघितली नव्हती. माणिकप्पानं मात्र मनात ठरवलं, की हलगर्जी बाई आहे. नाव विकत घेतली आणि रिकाम्या ट्रकात घालून तो उदगीरला आला.

मग त्यानं ती सांभाळली. आणि कशी सांभाळली! गोदामात फळ्यांवर, भिंतीपासून लांब. दर रविवारी दोन हमाल लावून अंगणात काढायची, उन्हात पालथी घालायची, दुपारी उलथायची. सुरुवातीला तिच्यावर टिचकी मारली की बद्द वाजायचं. उन्हाळा सरता सरता खणखणीत वाजायला लागली. माणिकप्पा खूश.

"काय शेठ," मी चिडवायचो, "भाव वाढायची वाट बघून राहिलात का?"

"तलावात पाणी येऊ द्या, मग बघा."

पाणी काही येईना. एक वर्ष गेलं, दुसरंही तसंच. उमा गोदामातच नावेत बसायची, काठीनं जमीन वल्हवायची, आणि पोत्यांच्या थप्प्यांना गावांची नावं देत प्रवासाला जायची. फळ्यांमध्ये केसाएवढ्या चिरा दिसल्या, त्या माणिकप्पानं डांबर भरून बुजवल्या. वाळलेलं लाकूड आकसतं, सांधे सोडतं, हे त्याला कळायला हवं होतं असं आता सगळे म्हणतात. पण त्याच्या उभ्या आयुष्यात वाळवल्यानं कधी कशाचं वाईट झालं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी गावाबाहेरच्या, बहात्तरच्या दुष्काळी कामावर खणलेल्या तलावात कमरेइतकं पाणी साठलं. माणिकप्पानं बांबू घालून खोली बघितली आणि म्हणाला, "बरंच झालं. बुडायची भीती न्हाई." श्रावणातल्या सोमवारी आम्ही दोन्ही घरं धपाटे, दही, शेंगाची चटणी घेऊन गेलो. मी आणि माझी बायको काठावर थांबलो. नावेत ते तिघंच बसले. उमा पुढं, नव्या परकरात. नाव काठापासून सुटली तशी ती इतक्या मोठ्यानं ओरडली, की पलीकडची गुरं माना वर करून बघायला लागली.

थोडं आत गेल्यावर रत्नम्मा म्हणाली, "पाणी येऊन राहिलं की हो आत."

"येऊ दे गं अव्वा," उमा म्हणाली. "अजून थोडं पुढं जाऊ."

डांबर सुटलं होतं. घोट्यापर्यंत पाणी चढलं तशी रत्नम्मा घाबरून उठली, आणि नाव एका बाजूला कलून पालथी झाली. पुढच्या क्षणी नवराबायको दोघंही पाण्यात उभे होते. पाणी कमरेपर्यंतच. मरतो की काय असं वाटलेलं, आणि पायाला जमीन लागली. आधी रत्नम्माला हसू फुटलं, मग त्यालाही. ओलीचिंब दोघं एकमेकांकडं बोट दाखवून हसत होती. काठावर आम्हीही हसलो.

मग रत्नम्मा हसता हसता थांबली. "उमा?"

त्या गढूळ पाण्यात आम्ही सगळे हातांनी चाचपत राहिलो. पोरगी पालथ्या नावेखाली होती. नाव उताणी केली तोवर सगळं संपलं होतं.

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. उमेलाही तसंच बसवलं. त्यानंतर भेटायला येईल त्याला माणिकप्पा एकच सांगत बसायचा, की मी वाळवली, चूक माझी आहे. लोक समजूत घालायचे. एकदाच, मी बसलो असताना, रत्नम्मा त्याच्याकडं वळली.

"नाव बुडाली, बुडाली," ती म्हणाली. "त्याचं काय घेऊन बसला? आपण उभं राहून हसून राहिलो हुतो, तवा ती जित्ती हुती."