दाजींचे पेढे आणि युरोपची सरहद्द

आमच्या दाजींनी ब्रिटनला युरोपातून बाहेर काढलं.

एकट्याने नाही, मदतीला तिथली बरीच जनता होती. पण दाजींच्या बोलण्यावरून बाकीचे नुसते हात लावायला आले होते असं वाटतं. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मूळचे साताऱ्याचे, बरीच वर्षं लेस्टरला. तिथे भारतीय पासपोर्टवरही मत देता येतं, म्हणून दाजींनी ‘बाहेर’वर फुली मारली आणि ताईने, त्याच केंद्रात, बहुधा त्याच पेन्सिलीने, ‘आत’वर. म्हणजे खरं बघायला गेलं तर आमच्या घराण्याने ब्रेक्झिटमध्ये काहीच केलेलं नाही. भांडण मात्र पुरेपूर केलं.

मी हॅम्बर्गला, बंदरात माल पाठवणाऱ्या एका कंपनीत. इंग्लंडला जाणाऱ्या मालाचे कागद माझ्या टेबलावर येतात. ब्रेक्झिटनंतर ते इतके यायला लागले की टेबल दिसेना. त्या वैतागात मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक छोटासा संदेश लिहिला. (माझी बायको अदिती त्याला अजून ‘प्रबंध’ म्हणते.) दाजींनी उत्तर दिलं, की आम्ही परीक्षा देऊन, व्हिसाच्या रांगा लावून इथे आलो, बाकीचे नुसती बॅग उचलून येत होते, नियम सगळ्यांना सारखे असावेत म्हटलं तर बिघडलं कुठे? मी डोव्हरच्या बंदरात अडकलेल्या ट्रकांबद्दल लिहिलं. ते इंग्लंडच्या कोळ्यांबद्दल बोलले. (साताऱ्याच्या माणसाला मासेमारीचा एवढा कळवळा!) शेवटी मी लिहिलं, शिकलेल्या माणसाने असं मत द्यावं याचं नवल वाटतं.

दाजी ग्रुपमधून बाहेर पडले. बाहेर पडायचा त्यांना आता सराव होता. नवऱ्यापाठोपाठ ताईही गेली, आणि इथे मात्र तिने ‘आत’वर फुली मारली नाही. त्यानंतर तीन वर्षं येणं नाही, जाणं नाही. राखी पोस्टाने यायची, पण सोबत चिठ्ठी नसायची. मी म्हणायचो, काही फरक पडत नाही. फरक पडत होता. राखी आली की मी दिवसभर उगाच कुणावर तरी खेकसायचो.

यंदा आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली आणि नेमका धोंड्याचा महिना लागला. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, जावयाला अनारशांचं वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. आईच्या व्हिसावर इंग्लंड नव्हतं. तेव्हा तिने सरळ दाजींनाच फोन लावला आणि हॅम्बर्गला यायचं आवतण दिलं. सासूचं धोंड्याचं आवतण नाकारणारा जावई अजून जन्माला यायचाय. दाजी येतो म्हणाले.

मग आईने मला समोर बसवलं.

“रविवारी माझं विमान आहे. पुन्हा माझं येणं होईल न होईल. जायच्या आधी तुम्ही बहीण-भाऊ एका पंगतीला बसलेले मला बघायचेत. तो शब्द तोंडातून काढायचा नाही.”

“कुठला?”

“तोच.”

मी आईच्या गळ्याची शपथ घेतली. चुलीवरच्या तुपाची घ्यायला हवी होती, ती जास्त टिकली असती.

विमानतळावर मी माझ्या दहा वर्षांच्या इराला घेऊन गेलो, म्हणजे मूल समोर असल्यावर मोठी माणसं नीट वागतात. लंडनचं विमान उतरलं, माणसं बाहेर आली, संपली. ताई-दाजी नाहीत. तेवढ्यात फोन वाजला. तीन वर्षांनी पडद्यावर ‘दाजी’ अशी अक्षरं दिसली आणि मला खरंच भरून आलं.

“सुहास, आम्हाला कस्टमवाल्यांनी धरलंय. बाईंना इंग्रजी कळतंय, पण पेढा कळत नाहीये. तू जरा जर्मनमध्ये सांग.”

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. कस्टमच्या बाई अगदी गोड आवाजात मला म्हणाल्या, की पाहुण्यांच्या डब्यात पिवळसर गोल गोळे आहेत, वेलचीचा वास येतोय, हे मार्त्सिपानच ना?

आता इथे थांबून विचार करा. मार्त्सिपान म्हणजे बदामाची मिठाई. हॅम्बर्गपासून तासाभरावरचं ल्युबेक त्यासाठीच प्रसिद्ध. बाई चांगल्या होत्या, त्यांना डबा सोडायचाच होता, म्हणून त्यांनी आपल्या पदरचं उत्तर माझ्या तोंडाशी आणून ठेवलं होतं. मी फक्त ‘या’, म्हणजे ‘हो’, म्हणायचं होतं. पण पेढ्याला कुणी मार्त्सिपान म्हणावं? माझ्यातला कोल्हापूरकर जागा झाला. शिवाय सरकारी माणसाशी बोलताना माझ्या तोंडून खरंच बाहेर पडतं, ही इथल्या इतक्या वर्षांची सवय. मी बाईंना सांगितलं की बदामाचा यात काही संबंध नाही. हे दूध आहे. शुद्ध दूध, तासन्‌तास आटवलेलं, हाताने घोटलेलं, दुधाशिवाय नावाला थोडी साखर.

“आल्झो, म्हणजे दूध,” बाई म्हणाल्या.

“गेनाऊ! अगदी बरोबर!” मी म्हणालो.

युरोपच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाने दुधाचे पदार्थ आणायचे नाहीत, हा नियम मी ऑफिसात लोकांना तोंडपाठ म्हणून दाखवतो. आणि इंग्लंड आता बाहेरचं. फोनमध्ये काहीतरी कचऱ्याच्या पिंपात पडल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

मग काचेचं दार सरकलं आणि दाजी बाहेर आले. हातात स्टीलचा मोठा डबा, झाकण उघडं, आत काही नाही. मागे ताई, डोळे लाल.

“केलंस ना मनासारखं?” दाजी म्हणाले. “तीन वर्षं वाट बघत होतास.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. आईची शपथ होती, इराने माझा शर्ट ओढला होता. पण मी पेढ्यांची बाजू घेऊन बोललो होतो हो! त्यांचा मान राखायला गेलो होतो! मी म्हणालो, मी काय केलं, नियम आहे. दाजी म्हणाले, तुमच्या युरोपचा. मी म्हणालो, तो बाहेरच्यांसाठी आहे, आणि बाहेर कोण गेलं?

झालं. त्यानंतर त्या दारासमोर ब्रेक्झिटच्या आर्थिक आणि राजकीय परिणामांवर जी जाहीर चर्चा झाली, तिचा दर्जा मी सांगत नाही. सार्वभौमत्व, महागाई, ट्रक, मासे, पासपोर्टच्या रांगा, सगळं मराठीत आणि सगळं वरच्या पट्टीत. आजूबाजूला फुलं घेऊन उभे असलेले जर्मन हळूहळू लांब सरकले. एका आजीबाईंनी इराला वाकून विचारलं, बाळ, तुमच्याकडे कुणी गेलं का? इरा म्हणाली, “नाइन, नुअर ब्रेक्झिट.” नाही, फक्त ब्रेक्झिट. आजीबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तेवढ्यात ताई बोलली, अगदी हळू.

“आईला भेटते आणि संध्याकाळच्या विमानाने आम्ही परत जातो.”

मी एकदम खाली बसलो, त्यांच्याच बॅगेवर. आईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात राहिलं. एसबानने, म्हणजे इथल्या लोकलने, आम्ही घरी आलो.

घरात तुपाचा घमघमाट होता. आईने लेकीला जवळ घेतलं, जावयाला नमस्कार केला आणि माझ्याकडे एकदाच पाहिलं. आयांना विचारावं लागत नाही. ताईने सगळं सांगून टाकलं, परतीच्या विमानासकट. आई स्वयंपाकघरात गेली आणि पुढचे दोन अनारसे तुपात विरघळून गेले. आईचा अनारसा बिघडलेला मी जन्मात पाहिला नव्हता. त्या दोन अनारशांनी माझी जी हजेरी घेतली, ती दाजींनाही जमली नव्हती.

“विमान संध्याकाळचं आहे ना?” आई आतून म्हणाली. “मग आधी वाण.”

पाट नव्हता. इरा हात धुताना ज्यावर चढते ते बदकाचं चित्र असलेलं प्लास्टिकचं स्टूल अदितीने पुढे केलं. दाजी धिप्पाड गृहस्थ. ते त्यावर बसले तेव्हा गुडघे छातीला लागले आणि बदक दिसेनासं झालं. आईने ओवाळलं, ताटातले अनारसे दिव्यासकट हातात दिले, आणि रीतीप्रमाणे विचारलं, जावईबापू, अजून काय हवं?

आता दाजी परतीची टॅक्सी मागणार, असं मला वाटलं.

“आई, काही नको,” दाजी म्हणाले. “फक्त एक परतफेड करायचीय. लग्नात कानपिळणीला यानं माझा कान पिळला होता. नवरीच्या भावाचा मान म्हणून मी गप्प बसलो. तो कान आज मला परत द्या.”

आई म्हणाली, “द्या की. त्यात विचारायचं काय?” स्वतःच्या मुलाचा कान तिने इतक्या सहज देऊन टाकला!

मी पुढे जाऊन गुडघ्यावर बसलो. दाजींनी माझा डावा कान धरला, आणि सावकाश, मन लावून, पेढ्याचा खवा घोटावा तसा पिळला. मी ओरडलो. आणि ताई हसली. तीन वर्षांत न ऐकलेलं ते हसणं, आधी नाकातून, मग पोट धरून. तिला हसताना बघून आई हसली, इरा हसली, दाजींचं स्टूल हलायला लागलं.

“अरे, ते पेढे यांनी स्वतः केले होते,” ताई डोळे पुसत मला म्हणाली. “दोन दिवस दूध आटवत बसले होते आईसाठी. मला हातसुद्धा लावू दिला नाही.”

कान अजून दाजींच्या हातातच होता. ते खाली वाकले आणि हळूच म्हणाले, “मार्त्सिपान म्हणाली ती बाई. तू नसतास, तर मीच भांडलो असतो.”

संध्याकाळचं विमान त्यांच्याशिवाय गेलं. आम्ही जमिनीवर पंगतीला बसलो, मी ताईच्या शेजारी. आई वाढायचं थांबवून मधेच नुसती बघत उभी राहायची. तिने अनारसे मला दोन जास्त वाढले आणि मी कान चोळत चोळत खाल्ले. त्या कस्टमच्या बाईंचे, धोंड्याच्या महिन्याचे आणि माझ्या बहिणीने निवडलेल्या नवऱ्याचे आभार मानायचे तर कोणत्या भाषेत मानावेत ते मला अजून सुचलेलं नाही.

बाकी ब्रेक्झिटचे परिणाम कमी की जास्त, यावर आमचं अजूनही एकमत नाही. दाजी म्हणतात, लोक उगाच मोठे करून सांगतात. मी रविवारी आईला सोडायला विमानतळावर गेलो, तेव्हा चेक-इनच्या खिडकीवर तिचा पासपोर्ट बघणाऱ्यानेही विचारलं, की तुमचा एकच कान असा मोठा का?